कागदावरचे ‘ॲव्हरेज’ आणि जंगलातला रस्ता

मोटार विकत घेऊ पाहणाऱ्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न रंगाविषयी नसतो आणि आसनांच्या सुखाविषयीही नसतो. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा तो प्रश्न होय. इंग्रजीतला हा शब्द आपण सरासरीच्या अर्थाने उचलला आणि लिटरमागे पडणाऱ्या किलोमीटरांना तो कायमचा चिकटवून दिला. शब्द चिकटला, पण त्याचा मूळ अर्थ मात्र गळून पडला. सरासरी म्हणजे अनेक प्रसंगांची बेरीज करून काढलेला आकडा. तो कोणत्याही एका प्रसंगी खरा ठरेलच, असे त्यात कोठेही अभिप्रेत नसते. वैनगंगेची सरासरी खोली कमरेएवढी आहे, असे ऐकून कोणी भर श्रावणात पात्रात उतरणार नाही. पण जाहिरातीतले ‘ॲव्हरेज’ वाचून सहा-सात वर्षांचे कर्ज डोक्यावर घेणारी सुशिक्षित माणसे आपल्यांत पुष्कळ आहेत, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांतच त्यांच्या पदरी निराशा पडते. ही निराशा खाजगी आहे, म्हणून ती क्षुल्लक आहे असे आम्हांस वाटत नाही. तिच्यामागे सरकारी चाचणीचा, सार्वजनिक रस्त्याचा, देशाच्या इंधननीतीचा आणि आपल्या स्वतःच्या स्वभावाचाही प्रश्न दडलेला आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत तर तो अधिकच टोकदार होऊन पुढे येतो.

प्रथम हा आकडा जन्मतो कोठे ते पाहू. आपल्याकडील मोटारींची चाचणी पुण्याची ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन’, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘एआरएआय’, किंवा तिच्यासारखी मान्यताप्राप्त संस्था घेते. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था जाणत्या तंत्रज्ञांची आहे आणि तिच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु चाचणी कशाची होते, हे समजून घेतले पाहिजे. गाडी रस्त्यावर जातच नाही. ती बंद दालनातील फिरत्या रुळांवर उभी राहते आणि तिची चाके जागच्या जागी फिरतात. ठरलेल्या क्रमाने वेग वाढवायचा, ठरलेल्या क्षणी कमी करायचा, असा हा कार्यक्रम १,१८० सेकंदांचा असतो, म्हणजे पुरता वीस मिनिटांचाही नाही. एवढ्या वेळात गाडी साडेदहा किलोमीटरांच्या आसपास ‘जाते’. तिचा सरासरी वेग तासाला सुमारे ३२ किलोमीटर आणि कमाल वेग ९० किलोमीटर असतो. दालनाचे तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान राखलेले असते. तेथे चढ नाही, वारा नाही, खड्डा नाही, आडवे येणारे गुरू नाही. आणि वर्षानुवर्षे ही चाचणी वातानुकूलन यंत्र बंद ठेवूनच होत आली आहे.

आता हीच गाडी मे महिन्यात चंद्रपूरच्या रस्त्यावर आणून उभी करा. येथे पारा ४५-४६ अंशांवर जाणे ही बातमी राहिलेली नाही. एका बाजूस औष्णिक वीजकेंद्र, दुसऱ्या बाजूस कोळशाच्या खाणी, आणि मधल्या डांबरी रस्त्यावरून वर येणारी झळ! अशा वेळी काचा उघड्या ठेवून मोटार हाकावी, असा उपदेश पुण्याच्या थंड दालनात बसूनच करता येईल. वातानुकूलन चालविणारी शक्ती इंजिनातूनच, म्हणजे पर्यायाने टाकीतूनच येते. अमेरिकेच्या ऊर्जाखात्याने आपल्या नागरिकांना स्पष्टपणे सांगून ठेवले आहे की, अतिशय उष्ण हवेत वातानुकूलनामुळे गाडीची इंधनक्षमता २५ टक्क्यांहूनही अधिक घटू शकते, विशेषतः लहान फेऱ्यांत. चंद्रपूरच्या घरापासून न्यायालयापर्यंत, तेथून बाजारापर्यंत आणि बाजारातून शाळेपर्यंत, अशा दोन-दोन किलोमीटरांच्या फेऱ्या मारणाऱ्याने कागदावरच्या आकड्याची आशा धरावी तरी कशाच्या बळावर?

ही तफावत केवळ हिंदुस्थानातच आहे, असेही नव्हे. युरोपात प्रयोगशाळेतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांतील अंतर २००१ साली सुमारे ९ टक्के होते. ते २०१५ पर्यंत ४२ टक्क्यांवर गेले, असे स्वतंत्र अभ्यासकांनी दाखवून दिले. गाड्या रस्त्यासाठी न बनविता परीक्षेसाठी बनविल्या जाऊ लागल्या, हे त्याचे एक मोठे कारण. विद्यार्थी नेमका प्रश्नसंच पाठ करून पहिला यावा, तशातलाच हा प्रकार! २०१५ साली फोक्सवॅगनचे धुराचे प्रकरण उघडकीस आले आणि प्रयोगशाळेवरचा लोकांचा उरलासुरला विश्वासही डळमळला. २०१७ पासून युरोपने जुनी चाचणी मोडीत काढून अधिक कठोर पद्धती आणली. अमेरिकेने तर २००८ सालच्या गाड्यांपासूनच उष्ण हवा, थंड हवा, अधिक वेग आणि चालू वातानुकूलन यांचा हिशेब छापील आकड्यात धरावयास सुरुवात केली होती. २०१२ साली ह्युंदाई आणि किया या कंपन्यांना तेथे फुगविलेले आकडे मागे घ्यावे लागले, आणि पुढे २०१४ मध्ये दहा कोटी डॉलरांचा दंडही भरावा लागला. तेथला ग्राहक आपल्याहून अधिक हुशार आहे, असे आम्ही मानीत नाही. फरक एवढाच की, तेथे छापील आकडा हे वचन मानले जाते आणि येथे ती बारीक अक्षरातली तळटीप असते.

आपल्याकडे या दुखण्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने मुदतीपूर्वी गाठले. परदेशी तेलावरचे अवलंबन कमी व्हावे आणि शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळावे, या दोन्ही हेतूंना आमचा पाठिंबाच आहे. ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणणाऱ्या देशाला असे उपाय करावेच लागतील. परंतु इथेनॉलच्या एका लिटरातील ऊर्जा पेट्रोलच्या मानाने एक-तृतीयांशाने कमी असते, हे निसर्गाचे गणित कोणत्याही घोषणेने बदलत नाही. नीती आयोगाने २०२१ साली जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातच हे नमूद आहे की, साध्या पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकी गाड्यांची इंधनक्षमता २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्के घटेल. मग ही गोष्ट पंपावर ठळक अक्षरांत का लिहिली गेली नाही? ऊर्जा घटली, पण लिटरचा दर त्या प्रमाणात का उतरला नाही? या धोरणाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली; कायद्याचा प्रश्न तेथे संपला असेल, परंतु सचोटीचा प्रश्न संपलेला नाही. राष्ट्रकार्यासाठी सहा टक्के सोसा, असे सरकारने मोकळेपणी सांगितले असते तर या देशातील मध्यमवर्गाने ते सोसले असते. त्याची कुरकूर आहे ती त्यागाबद्दल नाही, लपवाछपवीबद्दल आहे.

यानंतर रस्त्याचा विचार. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. सुमारे साडेचौदा हजार चौरस किलोमीटरांचा, बहुतांश वनांनी व्यापलेला हा मुलूख. त्याच्या दक्षिण भागात आगगाडीची शिट्टी ऐकू येत नाही. जे काही येते-जाते ते रस्त्याने. २०२१ नंतर सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक वाढत गेली, आणि आलापल्ली-आष्टी मार्गाची जी दैना झाली तिच्याविषयी तेथील नागरिकांनी वारंवार आवाज उठविला. चंद्रपूरच्या बाजूस घुग्घुस, राजुरा, गडचांदूर येथे कोळसा आणि सिमेंट यांचे ट्रक तेच काम करीत असतात. खड्डा दिसला की ब्रेक, खड्डा ओलांडला की पुन्हा वेग. पुढे गाव आले की गतिरोधक, आणि गावाबाहेर पडलो की पुन्हा वेग.

या प्रत्येक ब्रेकची किंमत काय, याचा ठोकळ हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाने करता येतो. चालक आणि दोन-तीन प्रवासी धरून साडेअकराशे किलो वजनाची सेडान ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या अंगी जी गतिशक्ती असते, ती ब्रेक दाबताच उष्णता होऊन वाऱ्यावर जाते. ती पुन्हा मिळविण्यासाठी, इंजिन इंधनातील साधारण चौथा हिस्साच कामी लावू शकते हे लक्षात घेता, सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल लागते. चहाचे चार चमचे म्हणा ना! आकडा लहान वाटतो खरा. परंतु चंद्रपूर ते गडचिरोली या ८० किलोमीटरांच्या आसपासच्या मार्गात खड्डे, गतिरोधक, गुरे आणि ट्रक मिळून असे पन्नास प्रसंग आले, तर पुरे एक लिटर पेट्रोल नुसते ब्रेकच्या चकत्या तापविण्यात खर्ची पडले. जी गाडी हे अंतर चार लिटरांत कापावयाची, तिला पाच लागतात. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कोणत्याही अंदाजपत्रकात हा पाचवा लिटर दाखविलेला नसतो. खराब रस्ता हा एक अघोषित कर आहे आणि तो भरल्याची पावतीही मिळत नाही. गाडी घेताना एकरकमी मोटारवाहन कर मोजणाऱ्या नागरिकाकडून तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, रोज वसूल होतो.

याचा आणखी एक परिणाम सहसा कोणी ध्यानी घेत नाही. सेडान ही बांध्याने ठेंगणी गाडी. ती वाऱ्याला कमी अडते, म्हणून मोकळ्या रस्त्यावर उंच गाड्यांच्या मानाने कमी इंधनात चालते. परंतु तिचे पोट जमिनीलगत असते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर ते घासते. तेव्हा दोनदा पोट घासल्यावर मालक ती विकतो आणि उंच, जड, ऐसपैस ‘एसयूव्ही’ घेतो. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक वाटा आज अशा उंच गाड्यांचा आहे. त्यांत हौस आणि प्रतिष्ठा यांचा भाग आहेच; पण गडचिरोलीच्या डॉक्टराने किंवा अहेरीच्या शिक्षकाने ती घेतली तर तिला केवळ हौस कसे म्हणावे? मोटार-उत्पादकांनी आपल्या गाड्यांचा सरासरी धूर कमी करावा म्हणून सरकारने २०१७ पासून बंधने घातली आणि २०२२ पासून ती आवळली. एका हाताने असे नियम करावयाचे आणि दुसऱ्या हाताने रस्ते असे ठेवावयाचे की, माणसाला जास्त पेट्रोल पिणारीच गाडी घ्यावी लागावी! याला धोरण म्हणणे कठीण आहे.

पण सगळे खापर सरकारच्या आणि कंपन्यांच्या माथी फोडून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. स्टिअरिंग आमच्या वाचकांच्या हातात आहे आणि पायाखालचा पॅडलही त्यांचाच आहे. घाईने वेग घ्यावयाचा आणि करकचून ब्रेक लावावयाचा, या सवयीने मोकळ्या रस्त्यावर १५ ते ३० टक्के आणि गर्दीच्या रस्त्यावर १० ते ४० टक्के इंधनक्षमता घटू शकते, असे तेच अमेरिकन ऊर्जाखाते सांगते. म्हणजे ज्या तफावतीबद्दल आपण कंपनीला शिव्या देतो, तिच्यातला मोठा वाटा पुष्कळदा आपल्या उजव्या पायाचा असतो. समोर दोनशे पावलांवर गतिरोधक दिसत असताना शेवटच्या क्षणापर्यंत वेग कायम ठेवणारा गृहस्थ घरी दिवे मालविण्याविषयी मुलांना उपदेश करीत असतो, हे दृश्य काही दुर्मिळ नाही. पाय आधीच उचलला आणि गाडी गिअरमध्येच राहू दिली, तर आजचे इंजिन उतरत्या वेगात पेट्रोल घेणेच थांबविते. याउलट उतारावर ‘न्यूट्रल’ करून गाडी सोडणारा जुना शहाणपणा आता तोट्याचा ठरला आहे. तसे केल्याने इंजिन सुरू ठेवण्यापुरते पेट्रोल जळत राहते आणि गाडीवरचा ताबाही सैल होतो. कार्ब्युरेटरच्या काळातील वडिलांकडून आलेला हा वारसा मुलांनी आदरपूर्वक बाजूस ठेवावा.

वेगाचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० केले की तो दीडपटीहून अधिक होतो, आणि १२० केले की सव्वादोन पट. नागपूरहून मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. तेथे मोटारींना १२० ची मुभा आहे. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे, हे चंद्रपूरकरांनी विसरू नये. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस वर्षानुवर्षे करीत आली आहे. अरब राष्ट्रांनी १९७३ साली तेल रोखले तेव्हा बलाढ्य अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली, आणि १९९५ पर्यंत ती या ना त्या स्वरूपात पाळली. श्रीमंत राष्ट्राला जे लाजिरवाणे वाटले नाही, ते आम्हांला कमीपणाचे का वाटावे?

आणि जंगलातल्या रस्त्यावर तर वेगाचा प्रश्न केवळ पेट्रोलाचा उरत नाही. चंद्रपूरहून मूलकडे निघाले की लोहाऱ्यापासूनच झाडी सुरू होते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले आणि १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प झालेले ताडोबा येथून दूर नाही. वाघाला मात्र आपल्या नकाशातील सीमा ठाऊक नसतात. सांजवेळी चितळांचा कळप, रात्री रानडुकरे, आणि एखाद्या वळणावर प्रत्यक्ष वाघ! डिसेंबर २०१७ मध्ये बोरच्या जंगलातला ‘बाजीराव’ नावाने ओळखला जाणारा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला, हे वऱ्हाड-नागपूरकडचे वाचक विसरले नसतील. या ८० किलोमीटरांत सरासरी ताशी ६० ऐवजी ८० चा वेग साधला, तरी वाचतात ती वीस मिनिटे. मूल, सावली, व्याहाड ही गावे आणि त्यांचे गतिरोधक मध्ये असता तो वेग साधतही नाही. प्रत्यक्षात पाच-सात मिनिटांच्या वर हाती काही लागत नाही. त्या पाच-सात मिनिटांसाठी पेट्रोल, मुक्या जनावराचा जीव आणि स्वतःच्या कुटुंबाची सुरक्षितता, अशी तिहेरी किंमत आपण मोजतो. ज्या वेगात टाकी टिकते, त्याच वेगात वाघ वाचतो, आणि त्याच वेगात माणूस घरी पोहोचतो. नीती आणि हिशेब यांचे इतके एकमत क्वचितच पाहावयास मिळते.

भामरागड, सिरोंचा या तालुक्यांच्या दृष्टीने तर ‘टाकीत किती आहे आणि त्यात किती जाता येईल’ हा प्रश्न प्रसंगी जीवनमरणाचा होतो. पंप विरळ, दवाखाने दूर, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. रस्ता बंद म्हणून लांबचा फेरा घ्यावा लागला, आणि मागच्या आसनावर अडलेली बाळंतीण असली, तर जाहिरातीतल्या आकड्यावर भरवसा ठेवून निघालेल्या चालकाचे काय होईल? मुंबईच्या गृहस्थाला खोट्या आकड्याचा फटका बसतो तो महिनाअखेरच्या खर्चात. येथल्या माणसाला तो अर्ध्या वाटेवर, अंधारात बसतो. खऱ्या आकड्याची मागणी ही म्हणूनच कंजूष मध्यमवर्गीयाची तक्रार नव्हे.

आमचे मागणे थोडके आहे. वातानुकूलन चालू ठेवून घेतलेल्या चाचणीचा आकडा ग्राहकाला दिला जावा, असा विचार केंद्र सरकारच्या दरबारी सुरू झाला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तो आकडा पहिल्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, विक्रीच्या दालनात गाडीच्या काचेवर लागला पाहिजे. त्याशिवाय लिटरमागे किलोमीटर या मापाबरोबर शंभर किलोमीटरांस किती लिटर, हेही युरोपाप्रमाणे छापावे. कारण पहिले माप दिशाभूल करते. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी १२ देऊ लागली, तर हजार किलोमीटरांत जवळजवळ १७ लिटर वाचतात. २० देणारी २४ देऊ लागली, तर जेमतेम आठ. टक्केवारी तीच, पण खिशातला फरक दुप्पट! तिसरे असे की, २० टक्के मिश्रणाने जुन्या गाड्यांची जी घट होते, ती प्रत्येक पंपावर फलकावर लिहावी. आणि चौथे, ज्या रस्त्यांवरून खनिज आणि कोळसा जातो, त्यांच्या दुरुस्तीचा भार त्या मालाच्या धन्यांनी उचलावा. तो वाटसरूंच्या टाकीतून वसूल होऊ नये.

वाचकांकडेही आमचे एक मागणे आहे. गाडीच्या कप्प्यात एक लहानशी वही ठेवावी. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरांचा आकडा टिपावा. पुन्हा भरताना किती लिटर बसले ते लिहावे आणि भागाकार करावा. चाकांतील हवा महिन्यातून एकदा थंड असताना तपासावी, डिकीतले अनावश्यक ओझे उतरवावे, आणि झाडाखाली साहेबांची वाट पाहत तासभर इंजिन चालू ठेवण्याची चाल सोडावी. तेवढ्यात अर्धा-पाऊण लिटर सहज जातो. समजा, गाडी कागदावर २४ किलोमीटर देते आणि वहीत १६ निघतात. महिन्याला हजार किलोमीटरांची धाव आणि लिटरला शंभर रुपये धरले, तर हा फरक दरमहा दोन हजारांवर, म्हणजे वर्षाला पंचवीस हजारांच्या घरात जातो. पेट्रोलने २०२१ सालीच महाराष्ट्रात शंभरी ओलांडली, हे लक्षात घेता हा हिशेब अतिशयोक्तीचा नाही. यातले किती आपल्या पायाने गमावले, किती खड्ड्यांनी खाल्ले आणि किती कंपनीच्या कागदातच नव्हते, हे सहा महिन्यांची वही सांगेल. सरकारी दालनातली वीस मिनिटांची परीक्षा आणि नागरिकाच्या हातची सहा महिन्यांची वही यांत खरी कोणती, हे ठरविण्यास तज्ज्ञाची गरज नाही. पण ती वही आधी लिहिली गेली पाहिजे. हिशेब न ठेवणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार सांगता येत नाही.